उंदरांना लागू पडलं, म्हणून अप्पांना द्यायचं का?

पत्र: 'मी ठाण्यात वर्तकनगरला राहते. सासरे ७४ वर्षांचे, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीतून फोरमन म्हणून निवृत्त झाले. चार वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं. लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी दिवसातून तीनदा चालू आहे. पूर्वी सकाळची गोळी घेतली की तासाभरात तयार होऊन उपवन तलावाला फेरी मारून यायचे. हल्ली गोळी चढतच नाही. साडेनऊ-दहापर्यंत पाय जमिनीला चिकटल्यासारखे.

माझे दीर पुण्याला असतात. ग्रुपवर रोज काही ना काही संशोधन टाकतात. हळद आणि मिरीने उंदरांच्या मेंदूत सेरोटोनिन-डोपामिन वाढलं म्हणून कॅप्सूल पाठवल्या. कवचबीजात नैसर्गिक डोपामिन असतं म्हणून त्याची पावडर. अशक्तपणासाठी प्रोटीन पावडर. माझी मुलगी बारावीला आहे, नीटचं टेन्शन घेते, तिच्यासाठी प्रोबायोटिकची पाकिटं. तिचं गोड बंद करा, साखर म्हणजे कोकेनच, हे उंदरांवर सिद्ध झालंय म्हणतात. अप्पांचं तूपही बंद करायला सांगितलंय. मी का-कू केलं की "वहिनी, सायन्स आहे हे" असं ऐकवतात. कॅप्सूल आणि कवचबीज मी अजून उघडलेलं नाही. प्रोटीन पावडर मात्र दोन-अडीच महिन्यांपूर्वी चालू केली. सकाळी दोन उकडलेली अंडी, पेलाभर दुधात पावडर, आणि गोळी त्याच दुधाबरोबर, म्हणजे उपाशीपोटी नको. उंदरांवरच्या या प्रयोगांवर कितपत भरवसा ठेवायचा?' – सौ. क., ठाणे

क. ताई,

आधी निकडीचं. कॅप्सूल आणि कवचबीज उघडलं नाहीत ते उत्तम झालं, ते तसंच बंद राहू दे. आणि अप्पांच्या न्यूरॉलॉजिस्टना आजच फोन करून एवढंच विचारा: सकाळची गोळी दुधाऐवजी पाण्याबरोबर दिली आणि नाश्ता पाऊण-एक तासाने दिला तर चालेल ना? बहुधा ते हो म्हणतील. वर 'इतके दिवस दुधाबरोबर देत होतात?' असंही विचारतील. रागावले तर मनाला लावून घेऊ नका. चिठ्ठीवर 'जेवणाआधी' एवढं खरडलेलं असतं, त्यामागचं कारण सांगायला ओपीडीच्या गर्दीत कुणाला सवड नसते. आणि म्हाताऱ्या माणसाला रिकाम्या पोटी गोळी द्यायला आपल्याकडे कुठल्या सुनेचा हात धजतो?

आजार पुढे सरकल्यामुळेही गोळी चढेनाशी होते, ती शक्यता डॉक्टर बघतीलच. पण तुमच्या पत्रातला हिशोब मांडून पाहा. दोन अंड्यांत १२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, पेलाभर दुधात ७-८, पावडरीच्या एका मापात २० च्या पुढे. म्हणजे ४० ग्रॅम प्रथिनं आणि गोळी, एका घोटात. आणि गोळी रुसली तीही पावडर सुरू झाल्यानंतरच, असं तारखांवरून दिसतंय.

आता गंमत बघा. हे सगळं मला कुणी शिकवलं? उंदरांनीच. फक्त तो उंदीर तुमच्या भाऊजींच्या लिंकांत नाही.

१९७१-७२ची गोष्ट. अमेरिकेत एमआयटीत जॉन फर्नस्ट्रॉम आणि रिचर्ड वर्टमन पांढऱ्या उंदरांच्या जेवणाचा त्यांच्या मेंदूतल्या सेरोटोनिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनावर काय परिणाम होतो ते तपासत होते. सेरोटोनिन बनतं ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लापासून, आणि ट्रिप्टोफॅन येतं प्रथिनांतून. तेव्हा साधा तर्क असा की प्रथिनं जास्त घातली की मेंदूत सेरोटोनिन जास्त. झालं भलतंच. रात्रभर उपाशी उंदराला नुसतं पिष्ट आणि साखरेचं खाणं दिलं, ज्यात ट्रिप्टोफॅनचा कणही नाही, तर मेंदूतलं सेरोटोनिन वाढलं. त्याच खाण्यात प्रथिनं मिसळली, तर रक्तातलं ट्रिप्टोफॅन वाढूनसुद्धा मेंदूतलं सेरोटोनिन जागचं हललं नाही.

याचं कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या पडद्यात आहे, ज्याला डॉक्टर ब्लड-ब्रेन बॅरिअर म्हणतात. ट्रिप्टोफॅनला आत न्यायला तिथे एक वाहक असतो, आणि त्याच वाहकावर ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, फेनिलअॅलनिन, टायरोसिन ही बाकीची मंडळीही अवलंबून असतात. सकाळी आठच्या सुमाराला ठाणे स्टेशनात फास्ट लोकलच्या एका दाराशी जे चालतं तेच इथे: तुम्ही प्लॅटफॉर्मवर आहात याला काही अर्थ नाही, तुमच्याबरोबर किती जण त्याच दारात घुसतायत यावर तुमचं चढणं ठरतं. प्रथिनयुक्त जेवणात ट्रिप्टोफॅन थोडं आणि बाकीचे भरमसाट, म्हणून ते मागे राहतं. पिष्टमय जेवणाने इन्सुलिन वाढतं, इन्सुलिन त्या बाकीच्यांना स्नायूंत ओढून घेतं, आणि ट्रिप्टोफॅनला वाट मोकळी होते.

लेव्होडोपा हे औषधही रचनेने अमिनो आम्लच आहे. आतड्यातून रक्तात जायला आणि रक्तातून मेंदूत जायला त्याला याच गर्दीशी झगडावं लागतं. हे नुसतं उंदरांवरून काढलेलं अनुमान राहिलं नाही. १९८४ मध्ये अमेरिकेतच जॉन नट आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांना लेव्होडोपा थेट शिरेतून दिलं, म्हणजे पोटाचा संबंधच ठेवला नाही. रक्तातली औषधाची पातळी स्थिर, रुग्ण व्यवस्थित हालचाल करतायत. मग त्यांना भरपूर प्रथिनं असलेलं जेवण दिलं. रक्तातली पातळी तशीच राहिली आणि माणसं पुन्हा जखडली. औषध दाराबाहेर ताटकळत होतं. अप्पांचं साडेनऊपर्यंत होणारं हेच असेल अशी मला दाट शंका आहे.

म्हणून डॉक्टरांनी होकार दिला की असं करा. उठल्यावर गोळी पाण्याबरोबर. मळमळ झाली तर एखादं मारी बिस्कीट किंवा मूठभर कुरमुरे, दूध नाही. पाऊण-एक तासाने पोहे, उपमा, नाही तर भाकरी-भाजी. अंडी आणि प्रोटीन पावडर शक्यतो रात्रीकडे सरकवा, दिवसाच्या शेवटच्या गोळीपासूनही अंतर ठेवून. मात्र एकूण प्रथिनं कमी करू नका. या आजारात वजन घटतं, स्नायू झिजतात, त्यामुळे पावडर आणण्यात चूक काहीच नव्हती, चुकली ती वेळ. सगळ्यांनाच प्रथिनांचा एवढा त्रास होतो असंही नाही. आठवडाभर एका वहीत तीन रकाने करा: गोळी किती वाजता, पाय मोकळे किती वाजता, त्या आधी काय खाल्लं. अप्पा फोरमन होते ना, त्यांनाच लिहायला द्या, अक्षर बारीक होत असलं तरी. शिफ्टचा रिपोर्ट त्यांच्याइतका चोख कुणी लिहिणार नाही.

त्या पावडरीच्या डब्यावर लोह लिहिलेलं आहे का तेही बघा. बऱ्याच पावडरींत जीवनसत्त्वं आणि लोह घातलेलं असतं. लोह लेव्होडोपाला पोटातच धरून ठेवतं, म्हणून दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर लागतं. बद्धकोष्ठ असेल तर लाजू न देता सांगायला लावा. या आजारात ते फार आढळतं, पोट आणि आतडी मंदावली की गोळीही रेंगाळते.

आता कवचबीज. भाऊजींनी पाठवलेल्या सगळ्या सामानात खरा दम असलेली वस्तू हीच, आणि म्हणूनच ती सगळ्यात जपून हाताळायची.

अप्पांच्या गोळीची कुळकथा माहीत आहे का? तिचं एक टोक आपल्या मुंबईत आहे. सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा परिणाम डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगभरच्या संशोधकांचं लक्ष त्या मुळीकडे गेलं. तिच्यातून वेगळं काढलेलं रिसर्पिन हे द्रव्य सशांना दिलं तर त्यांच्या मेंदूतलं सेरोटोनिन रितं होतं, हे १९५५ मध्ये बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत दिसलं. तिथे काही काळ काम केलेले स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ मध्ये पुढचं पाऊल टाकलं. रिसर्पिन दिलेले ससे कान पाडून, डोळे अर्धे मिटून, हलवले तरी न हलता पडलेले. त्यांना सेरोटोनिन ज्यापासून बनतं ते द्रव्य दिलं, ससे उठले नाहीत. डोपा, म्हणजे डोपामिन ज्यापासून बनतं ते द्रव्य दिलं (अप्पांच्या गोळीतलं लेव्होडोपा हे त्याचंच रूप), आणि काही मिनिटांत ससे कान टवकारून इकडेतिकडे फिरायला लागले. डोपामिन हे मेंदूतलं स्वतंत्र काम करणारं रसायन आहे, ही गोष्ट तिथून पुढे आली. २०००चं नोबेल कार्लसन यांना मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा.

पण ससे उठले म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी रुग्णांना डोपा चारायला निघालं नाही. व्हिएन्नात ओलेह होर्नीकेविच यांनी पार्किन्सन्सने गेलेल्या माणसांचे मेंदू तपासले आणि त्यांच्या ठरावीक भागात डोपामिन खरोखरच घटलेलं आहे हे १९६० मध्ये दाखवलं. १९६१ मध्ये थोड्या रुग्णांना डोपा शिरेतून देऊन पाहिलं. तोंडाने रोज किती, कसं चढवत न्यायचं हे न्यूयॉर्कच्या जॉर्ज कोटझायस यांनी १९६७ मध्ये बसवलं. कार्बिडोपा त्यानंतर जोडीला आलं, कारण त्याच्याविना बरंचसं लेव्होडोपा मेंदूत पोचण्याआधी शरीरातच डोपामिन होऊन ओकाऱ्या काढायला लावतं. सशापासून गोळीपर्यंत दहा वर्षं गेली, आणि त्या दहा वर्षांत काम माणसांवरच झालं. सशाने सांगितलं ते कुठे बघायचं एवढंच. किती द्यायचं, कुणाला, कशाबरोबर, यांतलं काहीच सशाला सांगता आलं नाही.

'नैसर्गिक डोपामिन' हे मात्र चूक. डोपामिन खाल्लं तर ते मेंदूत शिरतच नाही. (केळ्यात सेरोटोनिन असतं म्हणून केळं खाऊन मन प्रसन्न होतं, हा ग्रुपवर फिरणारा मजकूरही याच कारणाने बाद. केळं चांगलं, कारण ते केळं आहे.) कवचबीजात, म्हणजे खाजकुइलीच्या बियांत, असतं ते लेव्होडोपा, गोळीत आहे तेच. ते त्या बियांतून वेगळं काढून दाखवलं १९३७ मध्ये, आपल्याच देशात, मद्रासमध्ये. २००४ मध्ये लंडनमध्ये ८ रुग्णांवर गोळी आणि कवचबीज यांची तुलना झाली, तेव्हा कवचबीजाचा असर गोळीपेक्षा लवकर सुरू झाला. म्हणजे हे औषध आहे, आणि नुसता पाला म्हणून उडवून लावण्यासारखं नाही. बियांत साधारण ४ ते ६ टक्के लेव्होडोपा असतं. ५ ग्रॅम पावडर आणि ५ टक्के धरले तर २५० मिलिग्रॅम झालं. अप्पांच्या गोळीवरचा आकडा वाचा. नेहमीच्या एका गोळीत १०० मिलिग्रॅम असतं. त्यात गोळीतलं कार्बिडोपा पोटात आहेच, ते या जादा मालालाही मेंदूपर्यंत सुखरूप पोचवणार. मग वेडीवाकडी हालचाल, उठून उभं राहताच रक्तदाब घसरून पडणं, भास होणं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी बाथरूममध्ये पडणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. अप्पांची इच्छाच असेल तर डॉक्टरांपुढे विषय काढा, ते गोळीचा डोस त्या हिशोबाने बदलू शकतात. गोळी कमी करून किंवा बंद करून त्या जागी पावडर, असं घरच्या घरी कदापि नको. हे औषध एकदम थांबवणं धोक्याचं असतं.

हळद-मिरीच्या कॅप्सूलमागचं संशोधन बहुधा चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातलं, २००८चं असावं. काम प्रामाणिक आहे. त्यात नेमकं काय केलं होतं ते सांगते, म्हणजे कॅप्सूलमागचा दावा नीट पारखता येईल. छोट्या उंदरांना कुर्क्युमिन हे हळदीतलं द्रव्य दिलं, उंदराच्या वजनाच्या दर किलोला १० ते ८० मिलिग्रॅम या प्रमाणात, आणि तेही तोंडाने नव्हे, पोटाच्या पोकळीत सुईने. मग पोहण्याची चाचणी. ही चाचणी १९७७ मध्ये पोरसोल्ट यांनी रूढ केली. पाण्याने भरलेल्या काचेच्या नळकांड्यात उंदराला सोडतात. बाहेर पडायला जागा नाही, तळाला पाय टेकत नाहीत. तो आधी धडपडतो, कडेने चढायला बघतो, मग नाक पाण्यावर राहील एवढंच करत तरंगत राहतो. सहा मिनिटांपैकी शेवटच्या चार मिनिटांत तो किती सेकंद निश्चल राहिला ते मोजायचं. औषध दिल्यावर हे सेकंद कमी झाले तर औषधात नैराश्यावर काम करण्याचा गुण असू शकतो, असं मानतात. नैराश्यावरची अनेक जुनी औषधं या चाचणीत उतरतात, म्हणून ती टिकली. पण तरंगणारा उंदीर हताश झालाय की शहाणपणाने ताकद राखतोय, यावर शास्त्रज्ञांतच वाद आहेत. त्या प्रयोगात मेंदूतलं सेरोटोनिन आणि डोपामिन वाढलेलं दिसलं, मिरीतलं पायपरिन जोडीला दिल्यावर परिणाम वाढला, हे सगळं खरं. अप्पांपर्यंत यायला मात्र त्याला बरंच चालायचं आहे.

उंदराचा डोस वजनाच्या पटीत वाढवून माणसाला लावता येत नाही, हे आमच्या औषधशास्त्रात अगदी सुरुवातीला शिकवतात. लहान प्राण्याचं शरीर औषध फार भराभर संपवतं. ढोबळ नियम असा की छोट्या उंदराचा दर किलोमागचा डोस साधारण १२ ने भागायचा. किलोला ४० मिलिग्रॅम हा डोस ६० किलोच्या माणसाला सरळ गुणून लावला तर २,४०० मिलिग्रॅम होतात, भागून लावला तर २००. एवढा फरक. आणि सुईने दिलेलं तोंडाने दिलं की गणित पुन्हा मोडतं, कारण खाल्लेलं कुर्क्युमिन रक्तात जवळजवळ पोचतच नाही. १९६९ मध्ये जॉन ओल्नी यांनी नुकत्या जन्मलेल्या उंदरांच्या कातडीखाली ग्लुटामेट टोचलं आणि त्यांच्या मेंदूला इजा झालेली दाखवली. चायनीजच्या गाडीवरचं अजिनोमोटो म्हणजे हेच ग्लुटामेट, ते आजतागायत बदनाम आहे त्यात या प्रयोगाचाही वाटा आहे. कातडीखाली कोण टोचून घेतं?

मिरीची गोष्टही खरी आहे. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात हा प्रयोग झाला. पायपरिन जोडल्यावर कुर्क्युमिनचं शोषण उंदरांत १५४ टक्क्यांनी वाढलं, माणसांत २,००० टक्क्यांनी. जाहिरातीत दुसरा आकडा असतो. नुसतं कुर्क्युमिन दिलं तेव्हा माणसांच्या रक्तात ते सापडत नव्हतं म्हटलं तरी चालेल, त्याच्या वीस पट म्हणजे काय ते तुम्हीच बघा. मला त्या आकड्यांत दुसरंच महत्त्वाचं वाटतं: एकच जोडी, एकच प्रयोग, आणि उंदीर व माणूस यांच्या उत्तरांत एवढी तफावत.

शिवाय पायपरिन फक्त हळदीवर मेहेरबान होत नाही. यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा ते मंदावतं, त्यामुळे इतर गोळ्याही रक्तात जास्त साचू शकतात. जम्मूच्या प्रयोगशाळेत १९९१ मध्ये प्रोप्रॅनोलॉल आणि थिओफिलिन या औषधांबाबत हे माणसांवर दाखवलं गेलं आहे. अप्पांना रक्तदाबाची किंवा आणखी कुठली गोळी असेल तर तिचाही विचार करायला हवा. हळदीच्या अर्काच्या गोळ्यांनी यकृताला सूज आल्याच्या घटना इटलीत २०१९ मध्ये नोंदल्या गेल्या, अमेरिकेत २०२२ मध्ये अशा दहा रुग्णांचा अभ्यास छापून आला, आणि त्यांतल्या काही गोळ्यांत मिरीचा अर्कही होता. आमटीतली हळद आणि रस्समातली मिरी निर्धास्त घाला. कॅप्सूल परत पाठवा.

मुलीच्या पाकिटांबद्दल थोडक्यात. आयर्लंडमध्ये कॉर्कच्या संशोधकांनी २०११ मध्ये उंदरांना लॅक्टोबॅसिलस जातीचा एक विशिष्ट जीवाणू पाजला. उंदीर कमी घाबरट झाले, मेंदूतल्या गाबा या रसायनाचा निरोप घेणाऱ्या पेशींवरच्या ग्राहकांत (रिसेप्टर) फरक पडला, आणि आतड्यातून मेंदूकडे जाणारी व्हेगस नस कापली की परिणाम गायब. फार देखणं काम. मग त्याच चमूने तोच जीवाणू निरोगी तरुणांना देऊन पाहिला आणि २०१७ मध्ये सरळ लिहून टाकलं की तणावावर, बुद्धीवर, कशावरही नकली औषधापेक्षा जास्त परिणाम दिसला नाही. असं लिहायला हिंमत लागते. तुमच्या ग्रुपवर पहिला शोधनिबंध आला, दुसरा कधी येणार नाही. मुलीला ताक आवडत असेल तर द्या, पण टेन्शनवर औषध म्हणून नको. टेन्शन झोप उडवण्याइतकं असेल तर पाकीट फोडण्यापेक्षा कुणाशी तरी बोलणं बरं, ठाण्यात समुपदेशकांची वानवा नाही.

साखरेचं तर मला नेहमी वाईट वाटतं, कारण त्या प्रयोगातला खरा मुद्दाच वाटेत गळून पडतो. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात बार्ट होबेल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उंदरांना रोज बारा तास पूर्ण उपाशी ठेवलं आणि मग बारा तास खाणं आणि साखरेचं पाणी समोर ठेवलं. हे उंदीर साखरेचं पाणी समोर येताच त्यावर तुटून पडायला शिकले. मेंदूत बसवलेल्या केसाएवढ्या नळीतून मोजलं तेव्हा डोपामिन दर वेळी उसळत होतं, २१ व्या दिवशीसुद्धा. नेहमीच्या खाण्याबाबत ही उसळी नवेपणा संपला की ओसरते. पण ज्या उंदरांना साखर आणि खाणं दिवसभर मोकळं होतं, त्यांच्यात हा प्रकार दिसला नाही. म्हणजे साखरेइतकाच तो उपाशी ठेवण्याचा प्रयोग आहे. तुमची मुलगी सकाळी कॉलेज, मग नौपाड्यात क्लास, दुपारचा डबा अर्धा परत आणि रात्री अभ्यासाला बसली की चॉकलेट शोधते, असं तर होत नाही ना? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण बारावीच्या बहुतेक घरांत हेच चित्र असतं. असेल तर क्लासच्या आधी तिच्या पोटात पोळी-भाजी जाईल असं बघा. गोड आपोआप आटोक्यात येतं. पोरीला आधीच नीटचं ओझं, त्यात स्वतःच्या घरात व्यसनी ठरवू नका.

तूप? उंदरांच्या 'हाय-फॅट' खुराकात ४५ ते ६० टक्के कॅलरी चरबीतून असतात, ती चरबी बहुधा डुकराची असते, आणि उंदीर महिनोन्‌महिने दुसरं काही खात नाही. कित्येकदा ज्यांच्याशी तुलना करायची ते उंदीर धान्य-सोयाबीनचा कोंडायुक्त खुराक खात असतात. मग फरक चरबीने पडला की तंतुमय पदार्थ नसल्याने, हे कळायला मार्ग नाही. अप्पांच्या वरणावरचं चमचाभर तूप या भानगडीत येतच नाही. वजन आणि कोलेस्टेरॉल ठीक असेल तर राहू द्या. बद्धकोष्ठालाही थोडी मदतच.

भाऊजींशी भांडू नका. लांब राहणारा मुलगा वडिलांसाठी काहीतरी करायला बघतो, त्याला लिंक पाठवणं जमतं, म्हणून तो लिंक पाठवतो. पुढची लिंक आली की फक्त तीन प्रश्न विचारा: तोंडाने दिलं की टोचलं? माणसांवर केलं का, आणि अप्पांच्या वयाच्या, अप्पांची गोळी चालू असलेल्या माणसांवर केलं का? प्रयोगशाळेतले कितीतरी उंदीर वीसवीस पिढ्या भावाबहिणींचा संकर करून वाढवलेले, एकसारखे, एकाच वयाचे, एकाच खुराकावरचे असतात. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची म्हणून ते मुद्दाम तसे ठेवतात. अप्पा त्यांच्यातले नव्हेत, त्यांना वय आहे, आजार आहे, दिवसातून तीनदा गोळी आहे आणि स्वतःची मतं आहेत. आणि भाऊजींना खरोखर काही करायचं असेल तर डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला एक दिवस पुण्याहून येऊ द्या. सगळे डबे आणि पाकिटं पिशवीत भरून, लेबलासकट, त्यांच्याच हातात द्या. वही अप्पांकडे असेल.